कोवळ्या वांग्याचा रंग

“मामा, गोकर्ण निळी असते ना?”

मी आपलं सहज विचारलं. सकाळची वेळ होती. परसात कुंपणावर गोकर्णीचा वेल फुलांनी लगडला होता आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून माझे सासरे जलरंगात त्याचं चित्र काढत होते. मी चहाचा कप घेऊन मागं उभी. कागदावर वेल असा उतरला होता की हात लावून बघावासा वाटावा. पानांवरचं कोवळं ऊन, कुंपणाची मोडकी काठी, सगळं जागच्या जागी. फुलं तेवढी तपकिरी होती. खारकेसारखी.

मामांचा ब्रश थांबला. त्यांनी कागदाकडं बघितलं, वेलाकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं.

“घरात कोण आहे?”

“कुणी नाही. आत्ती देवळात गेल्यात.”

“मग परसदाराला कडी घाल आणि इथं बस.”

आमच्या कुरुंदवाडच्या बाजूला सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. माझं लग्न होऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आणि ‘चहा ठेवू का’, ‘पाणी तापलंय’ यापुढं मामांशी माझं बोलणं गेलेलं नव्हतं. भूपाल मगदूम म्हणजे गावाचे ड्रॉइंग मास्तर. निम्म्या गावानं त्यांच्या हातची छडी खाल्ली होती आणि उरलेल्या निम्म्या गावाच्या भिंतीवर त्यांनी काढलेली फुलं टांगलेली होती. घरात त्यांचा शब्द शेवटचा. आमटीत मीठ नसलं आणि मामा ‘झकास’ म्हणाले, तर आम्ही सगळे झकास म्हणून जेवायचो. त्यांना कुणी ‘नाही’ म्हटल्याचं माझ्या नवऱ्याला, सुकुमारला, जन्मापासून आठवत नव्हतं.

आणि तोच माणूस आता मान खाली घालून मला सांगत होता, “निळीच घेतली होती मी. निळी म्हणूनच लावली.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपासून डोळ्यांपुढं गढूळ होत चाललं होतं. तेलाच्या बाटलीतून बघावं तसं. आकार दिसायचा, उजेड-सावली दिसायची, रंग मात्र एकमेकांत मिसळायला लागले होते. निळा कुठला, काळा कुठला, जांभळा की तपकिरी, पांढरा की पिवळा, काही कळत नव्हतं. इतके दिवस त्यांनी पेटीतल्या ट्यूबांच्या जागा पाठ करून निभावलं होतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, दोन ट्यूबा एकमेकींच्या जागी गेल्या होत्या.

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, मिरजेला दाखवू या. त्यावर मामांनी अशी नजर केली की मी गप्प झाले. गढूळ असली तरी ती नजर मास्तरांचीच होती.

“डॉक्टरचं नाव काढायचं नाही. आणि हे कुणालाही कळता कामा नये. सुकुमारला नाही, तुझ्या आत्तीला तर मुळीच नाही. तू फक्त मला रंग सांगत जा.”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. सहा महिने त्या घरात मी पाहुण्यासारखी वावरत होते, आणि आता एकदम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं सगळ्यात मोठं गुपित माझ्या पदरात पडलं होतं.

* * *

चार-पाच दिवस झाले नसतील, तोच कोल्हापूरहून साळोखे सर स्कूटरवरून आले. मामांचे जुने वर्गमित्र. दोघं एकत्र चित्रकला शिकले आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात पाहत आले. जलरंगात चांगला कोण, हा त्यांचा वाद चाळीस वर्षं मिटलेला नव्हता. भेटले की मात्र गळ्यात गळे.

सरांच्या मंडळानं पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. सप्टेंबरात ते पठार फुलांनी भरतं. चांगले पन्नास-साठ चित्रकार आणि विद्यार्थी येणार होते, त्यांच्यासमोर मास्तरांनी तिथं बसून फुलांचं चित्र करून दाखवायचं. “जमेल ना भूपाल? नाहीतर मीच बसतो की,” असं शेवटी सरांनी हसत हसत जोडलं. ते वाक्य त्यांनी जोडलं नसतं तर मामांनी कदाचित काही निमित्त काढलं असतं. आता तो प्रश्नच उरला नाही.

“तू कशाला बसतोस? मला काय धाड भरलीय?” मामा म्हणाले.

साळोखे सरांची स्कूटर वळणाआड गेली आणि मामांनी मला हाक मारली. परसातला वेल ओळखीचा असतो, पठार ओळखीचं नसतं. तिथं कुठं काय फुललंय हे कुणीतरी सांगायला हवं, आणि तेही साठ माणसांच्या देखत, कुणाला कळू न देता. मामा बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसले.

“तुला रंगांची नावं किती येतात?”

“लाल, पिवळा, हिरवा...”

“म्हणजे येत नाहीत. स्वयंपाक येतो ना? मग स्वयंपाकातलं सांग. ऐकणाऱ्याला वाटेल घरातलंच काहीतरी चाललंय.”

अशी आमची भाषा तयार झाली. पिवळ्याला हळद. पांढऱ्याला भात. गुलाबीला कोकम सरबत. पोपटीला कोथिंबीर, काळपट हिरव्याला शिळी मेथी. मामांनी सरावासाठी मला परसात फिरवलं, आणि मी एकेका फुलापाशी थांबून जेवणाचं ताट वाढत गेले. गाडी अडायची ती जांभळ्यापाशी. जांभूळ म्हटलं की मामांच्या डोळ्यांपुढं फार काळा रंग यायचा. शेवटी मी म्हटलं, “वांगं.”

“कोवळं की जून?”

“कोवळं. देठाजवळचं.”

मामांनी पॅलेटवर निळा आणि किरमिजी असे काही मिसळले की मी बघतच राहिले. देठाजवळच्या कोवळ्या वांग्याचाच रंग होता तो, तंतोतंत. रंग न दिसणाऱ्या माणसानं केलेला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्तींचा आवाज आला, “वांगं कुणी आणलं?”

आम्ही जैन माणसं. आमच्या घरात वांगं शिजत नाही, आणि हा तर चातुर्मास. मी सांगितलं की कुणी नाही आणलं, मामा फक्त आठवण काढत होते. आत्ती म्हणाल्या, या वयात असल्या आठवणी बऱ्या नव्हेत.

* * *

पठारावर पोचलो तेव्हा वारा इतका होता की पदर डोक्यावर ठरेना. आणि फुलं तर काय सांगू. जमीन दिसतच नव्हती. सोनकीचे पिवळे पट्टे, मधेच तेरड्याचा गुलाबी लोंढा, खोलगट जागी जांभळी सीतेची आसवं, आणि त्या सगळ्यात गेंदाचे पांढरे गोंडे माना हलवत उभे. मला वाटलं, एवढं जेवण मी एका श्वासात वाढणार कसं?

मामा ऐटीत होते. धुवट धोतर, काळी टोपी, गळ्यात उपरणं. पाय घट्ट रोवून त्यांनी बोर्ड मांडीवर घेतला. मी शेजारी बसले, एका हातात छत्री, समोर पाण्याचे दोन डबे. रंग मी घरूनच ठरल्या क्रमानं पॅलेटमध्ये पिळून आणले होते. मागं अर्धगोल करून मंडळी उभी राहिली, आणि साळोखे सर नेमके माझ्या खांद्यामागं.

जलरंगाची एक गोम आहे, ती मला तोवर मामांनी शिकवली होती. यात पांढरा रंग लावत नाहीत. जिथं पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा. आणि एकदा रंग गेला की गेला, पुसायची सोय नाही. म्हणजे गेंद कुठं आहेत हे मामांना आधी कळायला हवं होतं, नंतर कळून उपयोग नव्हता.

“मामा, घरी गेल्यावर डाव्या हाताला हळद दळायची आहे,” मी सुरुवात केली.

“बरीच का?”

“पार कडेपर्यंत. आणि तिच्याखाली कोकम सरबत.”

मामांनी कागद ओला केला आणि रंग सोडला. पिवळा पसरत गेला, त्याच्या काठाला गुलाबी येऊन मिळाला, आणि मागं उभी असलेली मंडळी गप्प झाली. मी जेवण वाढत होते आणि मामा रंगवत होते. एका पोरीनं हळूच विचारलं की मास्तरांच्या सूनबाई सारखं खाण्याचंच का बोलतात, तेव्हा दुसरी म्हणाली, अगं, दिवस गेले असतील. माझे कान तापले, पण छत्री हलू दिली नाही.

मग मामांचा हात उजवीकडं वळला. मोठा ब्रश, पिवळ्यानं भरलेला. आणि तिथंच तर गेंदांचा अख्खा थवा उभा होता.

“भात,” मी म्हटलं.

वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नाही. ब्रश कागदापासून बोटभर राहिला.

“मामा, भात. भात आहे तिथं. पुष्कळ भात.”

मंडळींत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, अरे, त्यांना आधी जेवायला तरी बसवा. मामांचा ब्रश तसाच मागं फिरला, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कोरा कागद कोराच राहिला आणि त्याच्याभोवती हिरवा सोडल्याबरोबर गेंदाचे पांढरे गोंडे असे उठून आले की हसणारे लोक टाळ्या वाजवायला लागले.

राहिली होती सीतेची आसवं. मी बघितलं, घसा खाकरला आणि म्हटलं, “आणि मधोमध वांगं. कोवळं.”

मामांनी निळा घेतला, किरमिजी घेतला, मिसळला, टिपके सोडले. चित्र पुरं झालं. पोरांनी गराडा घातला, पाया पडले, कुणी सही मागितली. मामा तरण्याबांड गड्यासारखे हसत होते.

मी डबे धुवायला जरा लांब पाणथळीकडं गेले, तर साळोखे सर मागून आले.

“चातुर्मासात मगदुमांच्या घरात वांगं कधीपासून शिजायला लागलं?” त्यांनी विचारलं.

माझ्या हातातून एक डबा सुटला. सरांनीच तो उचलला, खळखळून धुतला आणि माझ्याजवळ दिला. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. ते म्हणाले, घाबरू नकोस, मी कुणाला बोलणार नाही. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं मागच्या वर्षी झाली. भूपालला मात्र सांगितलं नाही. त्याच्याआधी माझे डोळे गेले हे कळलं असतं तर त्यानं दिवाळी केली असती, म्हणाले.

“पण पोरी, एक ध्यानात ठेव,” सर म्हणाले. “मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढतो, मग ऑपरेशन करूनही काही परत येत नाही. तू आज फार सुंदर सांगितलंस. पण तू असं सांगत राहिलीस तर तो मिरजेला कशाला जाईल?”

* * *

परतीच्या जीपमध्ये मामा सुकुमारच्या लहानपणीची गाणी गुणगुणत होते. कुरुंदवाडजवळ येता येता त्यांनी जाहीर केलं की दिवाळीत कोल्हापुरात प्रदर्शन भरवायचं, नवीन पंचवीस चित्रं करायची, रोज सकाळी बसायचं.

“तू असल्यावर मला डोळे कशाला हवेत?” ते म्हणाले.

ते कौतुकानंच म्हणाले. पण मला साळोखे सरांचे शब्द आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी परसात बोर्ड मांडला. झेंडू नुकता फुलायला लागला होता. “हं, सांग,” ते म्हणाले.

“नाही, मामा.”

मला स्वतःलाच तो शब्द माझ्या तोंडून आलेला खरा वाटेना. मामांनी कानामागं हात नेला, जणू ऐकण्यात चूक झाली असावी.

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “आधी डोळे दाखवा. मग.”

मामांनी ब्रश पुसला. पेटी बंद केली, बोर्ड उचलला आणि आत गेले. त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते आठवलं की आज हसू येतं, तेव्हा मात्र जीव मेटाकुटीला आला होता. मामा माझ्याशी थेट बोलेनात. मी समोर उभी असताना भिंतीकडं बघून ‘कुणीतरी पाणी द्यायला सांगा’ म्हणायचे. मी पाणी दिलं की ‘कुणीतरी दिलं वाटतं’ म्हणून प्यायचे. सुकुमार मला रोज विचारायचा, काय झालं, आणि मी गुपिताला बांधलेली, सांगणार काय? तो शेवटी म्हणाला, त्रिशला, काय असेल ते, तू माफी मागून टाक. मलाही वाटायला लागलं होतं की मागावी.

एका दुपारी शेंगा सोलता सोलता आत्ती म्हणाल्या, “रंग सांगायचं बंद केलंस ना?”

मी चपापून बघितलं.

“मला काय आंधळी समजलीस? तीन वर्षं तो माणूस माझ्या निळ्या लुगड्याला हिरवं म्हणतोय.”

मग त्यांनी मला थोरल्या मामांची गोष्ट सांगितली. मामांचे वडीलभाऊ आदगोंडा. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळा चिघळला आणि कायमचा गेला. भावाला हाताला धरून शिबिरात नेलं होतं ते मामांनीच. पुढं मरेपर्यंत थोरल्या मामांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मामांनी तेव्हापासून डॉक्टरची पायरी चढली नाही.

“माझ्यानं कधी बोलवलं नाही त्यांच्यापुढं,” आत्ती म्हणाल्या. शेंगांची टरफलं त्यांनी सुपात ओढून घेतली. “तू बोललीस. आता मागं फिरू नकोस.”

संध्याकाळचं जेवण आमच्यात दिवस मावळायच्या आत होतं. जेवून मामा परसात एकटेच बसले होते, झेंडूकडं तोंड करून. मी जाऊन त्यांच्या पायांशी बसले. ते उठून गेले नाहीत, एवढ्यावरच मी धीर केला आणि सांगितलं की थोरल्या मामांचं मला कळलंय.

मग मामा भिंतीशी नव्हे, माझ्याशी बोलले.

“माझंही तसंच झालं तर?”

“तर मी सांगेन,” मी म्हटलं. “जन्मभर सांगेन. सकाळ-संध्याकाळ, तुम्ही म्हणाल तेव्हा, कंटाळा करणार नाही. पण प्रयत्नच न करता बसणार असाल, तर एकही नाही सांगणार. एकसुद्धा नाही.”

मामांनी उपरण्यानं नाक पुसलं.

“मास्तरकी करतेस माझ्यावर,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “मिरजेची गाडी किती वाजता असते?”

* * *

ऑपरेशनला आत जाताना त्यांनी सुकुमारचा हात सोडून माझा धरला होता. इतका घट्ट, की माझ्या बांगडीचा वळ मनगटावर उमटला. भाऊबंदांपैकी कुणाला कळवलं नव्हतं. साळोखे सर तेवढे बातमी काढून आले आणि बाहेरच्या बाकावर बसून आत्तींना पुन्हा पुन्हा सांगत होते की काही नसतं त्यात, मुंगी चावल्यासारखं वाटतं. मुंगीचं त्यांना कसं माहीत, ते आत्तींनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. लहानशी खोली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मामा स्टुलावर ताठ बसलेले, मी समोर, आत्ती आणि सुकुमार दाराशी. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, कापसानं डोळा टिपला, औषधाचा थेंब घातला आणि म्हणाले, आता सावकाश उघडा.

मामांनी डोळा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. पाणी येत होतं. ते इकडं तिकडं बघत नव्हते, सरळ माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर मला न समजणारी एक आठी पडली होती. दिसत नाही की काय?

“मामा?” मी म्हटलं. “दिसतंय का?”

आवाज ऐकल्याबरोबर ती आठी सुटली.

“म्हणजे तू आहेस होय ही,” मामा म्हणाले.

मला कळेना. त्यांनी डोळा बारीक केला, मान जरा तिरकी केली, चित्र काढायच्या आधी एखाद्या झाडाकडं बघायचे तशी.

“तुला बघायला आलो होतो ना तुमच्या गावी, तेव्हाच मला धड दिसत नव्हतं,” ते म्हणाले. “सगळे म्हणाले मुलगी चांगली आहे. मी आपला मान हलवत होतो. मग तू आतून विचारलंस, चहात साखर किती घालू. तो आवाज ऐकला आणि हो म्हणून टाकलं.”

दाराशी आत्तींनी पदर तोंडाला लावला. सुकुमार कधी माझ्याकडं, कधी वडिलांकडं बघत होता.

डॉक्टर हातातली छडी घेऊन तक्त्यापाशी जाऊन उभे राहिले होते. वरच्या ओळीतल्या पहिल्या अक्षरावर छडी टेकवून त्यांनी विचारलं, “मास्तर, हे कुठलं अक्षर?”

“थांबा की जरा,” मामा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. “माझी अजून सून बघून झाली नाही.”